काट्याला न दिसणारं

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय वहिनी,


परवा फोनवर तुमचा आवाज इतका पडलेला होता की नंतर मला चैन पडेना. दादा शेजारीच बसलेला असणार, म्हणून तुम्ही फार बोलला नाहीत, पण कळायचं ते कळलं. महिना होऊन गेला, रोज पहाटे कॉलेजच्या मैदानावर जाताय, धाप लागेपर्यंत पळताय, आणि वजन अर्धा किलोसुद्धा उतरलेलं नाही. त्यावर दादाचं म्हणणं, ‘मग कशाला हा खटाटोप?’ या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाचा. वाटलं तर दादालाही द्या.

आधी त्या काट्याचं बोलू. पळताना माणसाच्या वजनातल्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्ची पडते. तुमचं वजन पासष्टच्या आसपास धरलं, तर दोन किलोमीटरला 130 कॅलरी. एवढं तर तेल लावलेल्या सव्वा पोळीत असतं. महिनाभरात त्यातून किती वजन उतरणार? शिवाय पळून आल्यावर भूक लागते ती वेगळीच. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून, पळणं त्याला हातभार लावतं. हे कुणी आधी सांगत नाही, उलट महिन्यात पाच किलोच्या गप्पा मारतात, आणि मग कितीतरी बायका हिरमुसून बूट माळ्यावर टाकतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या सोडून देतात तेव्हा आत बरंच काही सुरू झालेलं असतं.

वहिनी, शरीर सगळं एकदम बदलत नाही. त्यातल्या प्रत्येक भागाची चाल वेगळी. सगळ्यात आधी हलतं ते रक्त. पहिल्या दोनेक आठवड्यांतच त्यातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाढतो. हृदयाकडं जास्त रक्त परत यायला लागतं, ते एका ठोक्यात जास्त रक्त पुढं ढकलतं, आणि तेवढ्याच कामाला थोडे ठोके पुरतात. उद्या सकाळी डोळे उघडले की उठू नका. पडल्या पडल्या मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहा, दुधाचा हिशेब लिहिता तिथंच. आणखी दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. मग बघा.

त्यानंतर स्नायूंची पाळी. त्यांच्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. साखर आणि चरबी जाळून शक्ती तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया पेशींमध्ये वाढायला लागतात. त्याला आणखी काही आठवडे. आणि तुम्हाला साखरेचा त्रास आहे, म्हणून तुमच्या दृष्टीनं तर मोठीच गोष्ट म्हणजे, कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढून घेतो. पळणं संपल्यावरही पुढचा दिवस-दीड दिवस इन्सुलिनचं काम सोपं होऊन राहतं. म्हणून एकदम दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये असं डॉक्टर सांगतात. आता हे काट्यावर कुठं दिसणार? ते दिसेल तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीत. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना चिकटलेली साखर त्या तपासणीत मोजतात. एका दिवसाच्या उपासानं किंवा एका श्रीखंडपुरीनं तो आकडा फारसा हलत नाही. तेव्हा महिनाच झाला असताना निकाल मागायचा नाही. तपासणीला दादालाच घेऊन जा आणि रिपोर्ट त्याच्याच हातात द्या.

मात्र दोन गोष्टी आत्ताच मनावर घ्या. तुमच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यातली कुठली साखर फार खाली आणते का, ते डॉक्टरांना विचारा, आणि पळायला जाताना खिशात ग्लुकोजची पूड नाहीतर निदान साखरेची पुडी असू द्या. हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच थांबायचं आणि ती तोंडात टाकायची. दुसरं, रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय बघा. वाकवत नसेल तर खाली आरसा धरा. बोटांच्या बेचक्यातही बघा. साखर असलेल्या माणसाला पायाचा फोड कधी कधी दुखतच नाही, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

तुम्ही ओझरतं म्हणालात की उजवी नडगी दुखते. ते मात्र मला आवडलं नाही. दम वाढायला काही आठवडे पुरतात, पण हाडं आणि शिरा-कंडरा यांना महिनोन् महिने लागतात. आणि हाडाचं तर असं, की गवंडी जसा आधी जुना गिलावा खरवडतो आणि मगच नवा चढवतो, तसं शरीर नडगीतलं जुनं हाड आधी थोडं काढून टाकतं, नवं मागाहून भरतं. नेमकं पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, दम वाढल्यामुळं हुरूप आलेला असतो तेव्हाच, हाड थोडं कच्चं असतं. पुष्कळ जणांचं तिथं बिनसतं. बोटानं दाबून बघा. नडगीभर ठणका असेल तर आठवडाभर पळणं थांबवून नुसतं चाला. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर सरळ डॉक्टरांकडं जा, अंगावर काढू नका. दुखणं अंगावर काढायची तुमची सवय मला माहीत आहे. आईच्या आजारपणात कंबर धरून सहा महिने काढलेत आणि कुणाला पत्ता लागू दिला नाहीत.

आणि धाप लागेपर्यंत पळायचं नाही, वहिनी. कुणी सांगितलं तुम्हाला तसं? पळता पळता एक आख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, तो तुमचा वेग. सोबत कुणी नसेल तर मनाचा श्लोक म्हणा, चारही ओळी नीट म्हणता आल्या तर बरोबर. नाही आल्या तर चाला. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, पुन्हा पळा. यात कमीपणा काही नाही. मोठमोठ्या स्पर्धा पळणारेसुद्धा त्यांच्या आठवड्यातलं बहुतेक पळणं असंच, गप्पा मारता येतील इतकं निवांत करतात.

अजून एक. पहिली दहा मिनिटं शरीर नकोच म्हणतं. पळायला लागल्याबरोबर स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो, पण हृदय आणि फुप्फुसं लगेच तेवढा पुरवू शकत नाहीत. तोवर सगळं जड वाटतं. मला हे कळल्यापासून मी पहिल्या दहा मिनिटांत कसलाच निर्णय घेत नाही. यवतेश्वरच्या घाटात चढायला लागले की पहिल्या वळणापर्यंत रोज वाटतं, आज परत फिरावं. वळण गेलं की श्वास बसतो, खाली सातारा दिसायला लागतो, अजिंक्यतारा डोळ्यांच्या पातळीला येतो, आणि परत फिरायचा विचार कुठं गेला ते कळतसुद्धा नाही. पळण्यानं माझ्यात काय बदललं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. शाळेत एखादा पालक चढ्या आवाजात आला, घरात काही बिनसलं, तर आता मी पहिल्या उसळीला उत्तर देत नाही. थोडं जाऊ देते. पूर्वीची मी तुम्हाला माहीत आहे.

आई गेल्यावर तुम्ही म्हणाला होतात, पाचला जाग येते आणि करायला काही नसतं. पाच म्हणजे आईचा चहा, तिची थायरॉइडची गोळी, कूस बदलायची वेळ. इतकी वर्षं तो तास तिचा होता. त्याआधी तो मुलांच्या डब्यांचा होता, आणि त्याआधी आमच्या अप्पांच्या पूजेच्या तयारीचा. म्हणून तुम्ही मैदानावर जायला लागलात हे ऐकून मला रडू आलं होतं. साखर हे निमित्त. त्या तासाला अंथरुणात पडून आढ्याकडं बघत बसण्याऐवजी तुम्ही तो स्वतःच्या पायांना दिलात. लंडनचे फौजा सिंग तुम्ही टीव्हीवर बघितले असतील, पिवळ्या पगडीतले. मुलगा अपघातात गेला, त्या दुःखातून ते उतारवयात पळण्याकडं वळले. 2000 साली लंडनमध्ये आपली पहिली मॅरेथॉन पळाले तेव्हा पासपोर्टावरच्या जन्मतारखेप्रमाणं 89 वर्षांचे होते. त्यांच्या विक्रमांपेक्षा मला त्यांची सुरुवात जवळची वाटते. दुःख पळून जात नाही, पण पाय चालू असले की ते सोबत चालायला लागतं, छातीवर बसून राहत नाही. हे मी आई गेल्यानंतरच्या महिन्यांत अनुभवलंय.

राहता राहिलं लोकांचं. दादाचं ‘या वयात’, मैदानावरच्या पोरांचं खिदळणं, शेजारच्यांचं ‘कुठं निघालात एवढ्या घाईनं’. वहिनी, सगळ्यात हळू बदलतं ते हेच, हाडांहूनही हळू. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन 1896 साली सुरू झाली. बायकांना ती पहिल्यांदा पळायला मिळाली 1984 साली. मधली 88 वर्षं शहाणीसुरती माणसं म्हणत राहिली की बाईच्या शरीराला एवढं अंतर झेपणार नाही. 1967 साली बॉस्टनच्या स्पर्धेत कॅथरिन स्विट्झर पळत होती, तर एका अधिकाऱ्यानं भर रस्त्यात तिला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. तिनं शर्यत पूर्ण केली. दादा तर मनानं चांगला आहे. त्याला थोडे महिने द्या.

बारामतीच्या लता करे यांची गोष्ट लोक फार सांगतात. साठी ओलांडलेली शेतमजूर बाई, नऊवारी लुगड्यात अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखलही घेतली गेली. पण ही गोष्ट नुसती प्रेरणा म्हणून सांगितलेली मला सहन होत नाही. नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारपणी शर्यत पळावी लागते, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटण्याची गोष्ट आहे. मला त्यात दिसतं ते एवढंच, की त्यांचे पाय आधीपासूनच तसे होते. आयुष्यभर रानात राबलेले. फक्त ते कुणाला दिसले नव्हते. तुमचेही आहेत, वहिनी. तीस वर्षं जिने चढलेत, आईला उचलून खुर्चीत बसवलंत.

आणि आमच्या जिल्ह्यातली ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोहीची. दुष्काळी गाव. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिनं 9 मिनिटं 19.76 सेकंद वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. 1984 मधल्या पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी कुणी भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पळत होती. तिथं ती दहावी आली. पण आज इथल्या स्टेडियमवर पहाटे मुली पळत असतात आणि कडेला त्यांचे वडील घड्याळ धरून उभे असतात, मोटारसायकलवरून खेड्यातून घेऊन आलेले. त्यांच्याकडं कुणी वळून बघत नाही. माझ्या समोरच्या घरातल्या काकू, ज्या मी पळायला लागले तेव्हा गॅलरीत उभ्या राहून माझ्या बुटांकडं बघायच्या, त्यांच्याच सुनेनं वर्ष उलटल्यावर फाटकाशी थांबवून विचारलं, ‘उद्या मला हाक माराल का?’ आता आम्ही दोघी जातो. काकू नातवाला सांभाळतात तोवर.

तेव्हा वजनकाटा तीन महिने कपाटावर ठेवून द्या. आणि बूट बदला. फोनवर म्हणालात तेव्हा कळलं की मुलाचे जुने, फरशीवर घासून झिजलेले बूट घालून पळताय. नडगीचं निम्मं कारण तेच असेल. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. मोजे घालूनच माप बघा, सगळ्यात लांब बोटाच्या पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, आणि बांधल्यावर टाच वर सरकता कामा नये. महागडेच हवेत असं नाही. पैसे मी पाठवते आहे, दिवाळीची भेट समजा. ओढणीऐवजी कुर्त्यावर जाकीट घाला, ओढणी पायात येते. आणि बूट आले की फोटो पाठवा.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्याच,
वन्सं