आईचं पाखरू : पिल्लू घरात कसं रुळवलं

रोज कांदा-टोमॅटोच्या नोंदी टाकतो, आज जरा वेगळा विषय. आमच्या घरातल्या पाखराबद्दल बरेच जण विचारतात. पिल्लू कुठलं, बोलतं का, हातावर कसं बसतं. सगळं एकदाच लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा आपला राघू नाही. लाल चोचीचा, कंठीवाला हिरवा राघू वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळाच गुन्हा. "आमच्या आजोबांकडं होता" हे कारण चालत नाही. बाजरी चिकात आली की आपण त्याच राघूला गोफणीनं हाकलतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कोणी ढोलीतून पिल्लं काढून विकायला आणली की "घरात एक असू द्या" म्हणून घेतो. आपण घेतो म्हणून ते काढतात. त्यातली बरीच पिल्लं पिंजऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच मरतात.

मग पाखरू आणलंच का? आईसाठी. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. घर मळ्यात, पोरं चाकणला कामाला. कुकडीचं, डिंभ्याचं पाणी आलं, जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि बिबट्या उसातच राहायला लागला. दिवस मावळला की कडी लावून बसायचं. पूर्वी आई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, ते बंद झालं. सोबतीला कुत्रं पाळावं तर दोन कुत्री बिबट्यानं नेली. आम्ही रात्री लाईट आली की मोटार चालू करायला जाणार, ती एकटी भिंतीकडं बघत बसणार. हळूहळू तिचं बोलणंच कमी झालं होतं. तिच्या माहेरी राघू होता, म्हणून तिनं राघूच मागितला. कायदा समजावून सांगितला आणि कॉकटील आणला. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणतात. मूळचा ऑस्ट्रेलियातला, आपल्याकडं पिंजऱ्यातच पैदास होते, त्यामुळं ठेवायला अडचण नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव असले मोठे परदेशी पोपट घेणाऱ्यांनी मात्र वन खात्याकडची नोंदणी आधी समजून घ्यावी.

आई बघून म्हणली, "आरं, ह्यो कसला राघू? ना हिरवा, ना लाल चोच. डोक्यावर तुराच हाय नुसता."

पिल्लू घेताना ते स्वतः दाणे फोडून खातंय का हे समोर उभं राहून बघा. सिरिंजनं भरवावं लागणारं पिल्लू स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. भरवणं जमलं नाही तर ते दगावतं. साधारण दोन-अडीच महिन्यांचं, स्वतः खाणारं घ्यावं.

पिंजऱ्याची जागा महत्त्वाची. एक बाजू भिंतीला, उंची आपल्या छातीएवढी, वाऱ्याचा झोत नको. स्वयंपाकघरात अजिबात नको. पाखराचं फुप्फुस नाजूक असतं. चुलीचा धूर बाधतो आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पाखरू मरतं. आईला पिंजरा देवघराशेजारी हवा होता, पण अगरबत्तीचा धूर रोजचा, म्हणून पलीकडच्या भिंतीला टांगला. तिथून तिच्या बाजेवरून तो दिसतो.

पहिले चार दिवस कोणी हात लावायचा नाही. दाणा-पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. आई नुसती शेजारी बसून हळू आवाजात बोलायची. पाचव्या दिवशी बाजरीचं कणीस हातात धरून जाळीपाशी नेलं. पहिल्यांदा मागं सरकलं, दोन दिवसांनी टोचायला लागलं. मग दार उघडून हात आत. बोट छातीखाली, पायाच्या जरा वर हलकं टेकवायचं आणि "ये" म्हणायचं. चढलं की लगेच एक दाणा. सूर्यफुलाचं बी त्याला फार आवडतं, पण ते तेलकट, म्हणून फक्त बक्षीस म्हणून द्यायचं. एका वेळी पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, बास. तुरा मागं चपटा करून फुसफुसलं तर त्या दिवशी थांबायचं. धरून बसवलं, तर आठवड्याची मेहनत वाया जाते. आमच्याकडं बोटावर यायला तीन आठवडे लागले.

बाहेर सोडण्याआधी दारं-खिडक्या लावा आणि छताचा पंखा बंद करा, हे विसरू नका. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते, म्हणून टीव्हीचा आवाज कमी ठेवा.

खाण्यात बाजरी, राळे, भिजवलेले मूग, पालक, कोथिंबीर. मिरचीही खातं, पाखरांना ती तिखट लागत नाही. चहा-बिस्कीट, खारट, तळलेलं, चॉकलेट देऊ नका. आपल्या शेतकऱ्यांनी एक जास्त सांभाळायचं. फवारणी झालेल्या वावरातली भाजी पाखराला घालायची नाही आणि फवारणीच्या कपड्यानं पिंजऱ्याजवळ जायचं नाही. पाखराची भाजी आम्ही परसात वेगळी लावलीय.

आजारी पाखरू आजार लपवतं. आम्ही आठवड्याला स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करतो, ८०-९० ग्रॅम भरतं. वजन उतरायला लागलं तर वाट बघत बसू नका. पक्षी तपासणारा डॉक्टर कुठं आहे हे आधीच विचारून ठेवा.

हे पाखरू नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. आईचं वय बघता आम्ही घरात यावर बोललो. आईच म्हणली, "माझ्या मागं कोण बघल त्याचं? सूनबाईच्या हाताची बी सवय लाव." म्हणून सकाळी आई आणि संध्याकाळी मंडळी, असं दोघींच्या हातावर घेतलं. एकाच माणसाला चिकटलेलं पाखरू ते माणूस नसलं की खाणं सोडू शकतं.

बोलण्याचं म्हणाल तर आई त्याला रोज "राम कृष्ण हरी" शिकवते. ते अजून आलेलं नाही. मंडळींच्या मोबाईलची रिंग मात्र हुबेहूब येते आणि आई दिवसातून चार वेळा हाक मारते, "अगं, फोन वाजतोय तुझा!" मग ती पाखराला रागावते, पाखरू शीळ घालतं, आणि दोघांचं रात्री नऊपर्यंत चालतं. घरात परत आवाज आहे, आम्हाला तेवढं पुरे.

शेवटी, राघूचं पिल्लू झाडाखाली सापडलं तर घरी नेऊ नका. पंख फुटलेलं असेल तर त्याचे आई-बाप जवळच असतात. सावलीतल्या फांदीवर ठेवा, मांजराला लांब ठेवा. जखमी असेल तर वन खात्याला १९२६ वर फोन करा.