चित्रेखाली दोन विती

वैशाखात वळवाची सर पडून गेली की बेंगळुरूची हवा स्वच्छ धुऊन निघते. अशा रात्री मी आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण गच्चीवर मांडतो आणि तासभर हात लावत नाही. आरसा बाहेरच्या हवेइतका निवल्याशिवाय प्रतिमा स्थिरावत नाही. तेवढ्या वेळात डोळेही अंधाराला सरावतात. मोबाइल मात्र खिशातच हवा.

शहराच्या उजेडाने इथली आकाशगंगा पुसून टाकली आहे. तरी पुण्याहून येऊन इथे रमलेल्या माझ्यासारख्याला बेंगळुरूने मोठं देणं दिलं: अक्षांश. ध्रुवतारा पुण्यात 18.5 अंशांवर, इथे जेमतेम 13. उत्तरेला जेवढं गेलं, तेवढं दक्षिणेला पदरात पडलं. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्यात 24 अंशांपर्यंत चढतो, इथे 29 अंशांच्याही वर, क्षितिजाजवळच्या धुरकट थरातून बराच बाहेर. कावलूरची 2.34 मीटर व्यासाची वैणू बाप्पू दुर्बीणही जवळपास याच अक्षांशावर उभी आहे.

गुच्छ शोधायला चित्रा ही तारका पुरते. ती दक्षिणेला सर्वांत उंच आली की हात लांब करून बोटं ताणायची. अशी एक वीत साधारण 20 अंशांची. चित्रेपासून सरळ खाली मोजत यायचं आणि दुसरी वीत संपायच्या जरा आधी थांबायचं.

25 मिलिमीटरच्या नेत्रिकेतून, 48 पट वर्धनाला, आधी फक्त करडा धुरकट गोळा दिसतो. पुष्कळजण इथेच डोळा काढतात. निरीक्षणाला सुरुवात होते ती यानंतर. नजर किंचित बाजूला वळवायची. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसून भोवताली असतात. मग 10 मिलिमीटरची नेत्रिका. हळूहळू गोळ्याची कडा रवाळ होते. हवा क्षणभर स्थिरावली की त्या रव्यातून सुटे तारे उमटतात, विरतात, पुन्हा उमटतात. एडमंड हॅलीने 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावरून नोंदवलेला हाच गुच्छ: 17,000 प्रकाशवर्षांवरचे सुमारे एक कोटी तारे!

अंधारं आकाश आपला हक्क आहे. रस्त्यावरच्या दिव्यांचा झोत खालीच राहावा, असा आग्रह धरायलाच हवा. पण तोवर दुर्बीण घरात झाकून ठेवू नका. एका रात्री एकच लक्ष्य निवडा, त्याला अर्धा तास द्या आणि शेजारच्या मुलांनाही गच्चीवर बोलवा.