न घेतलेला मोबदला

रॅपिड सिटी, साउथ डकोटा

ती. दादास,


माउंट रशमोरचा फोटो बघून तू फोनवर कारागिरीचं कौतुक केलंस. त्या डोंगराचे मूळ मालक लाकोटा आदिवासी, असं मी सांगायला लागले तर म्हणालास, "मग मोबदला मिळाला असेल की!" फोनवर ते सांगणं जमेना, म्हणून हे पत्र. तलाठ्याला कागदच दाखवलेला बरा.

१८६८ साली फोर्ट लॅरामीला अमेरिकी सरकारचा लाकोटांशी करार झाला. रशमोर ज्यांत आहे ते ब्लॅक हिल्स डोंगर, म्हणजे लाकोटांचे 'पहा सापा', त्यांच्या राखीव मुलखात राहतील असं ठरलं. आणि तुला आवडेल असं एक कलम: यातली जमीन सोडायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात. सहाच वर्षांनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टरची फौज डोंगरात शिरली, सोन्याची बातमी फुटली आणि लोंढे सुरू झाले.

पुढे कस्टर लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला, ते सिनेमांमुळे सगळ्यांना ठाऊक असतं. पण डोंगर गेले ते शिध्यापायी. बायसनची कत्तल झालेली, लोक सरकारी धान्या-मांसावर आलेले. त्याच १८७६ साली काँग्रेसनं ठरवलं, डोंगर सोडल्याशिवाय शिधा नाही. एवढं करूनही सह्या मिळाल्या जेमतेम दहा टक्के. त्यांवरच १८७७ चा कायदा झाला. अशा कागदावर तू फेरफार धरला असतास?

इथे वस्तीला आलेले सगळेच काही लुटारू नव्हते हं. १८६२ च्या कायद्यानं पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर मिळत. नॉर्वेची, जर्मनीची गरीब माणसं त्या आशेनं आली. मला खटकतो तो १८८७ चा डॉज कायदा. जमातींच्या सामाईक जमिनीची खातेफोड करून कुटुंबप्रमुखाला तेच १६० एकर द्यायचे आणि उरलेली जमीन 'शिल्लक' ठरवून बाहेरच्यांना खुली करायची. १३.८ कोटी एकरांचे १९३४ पर्यंत ४.८ कोटी उरले. देशभरातल्या सगळ्या जमातींचा हिशेब आहे हा.

आता तुझा मोबदला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की डोंगर घेतले, पण भरपाई दिली नाही. १८७७ ची किंमत १ कोटी ७१ लाख डॉलर, वर व्याज. मिळून साडेदहा कोटींच्या आसपास. लाकोटांनी ते पैसे उचलले नाहीत. व्याज साठून रक्कम आता अब्ज डॉलरच्या वर गेलीय. इथून दोनेक तासांवरचं पाइन रिज हे त्यांचं रिझर्व्हेशन देशातल्या सर्वांत गरीब भागांपैकी आहे, हे कळल्यावर मीही तुझ्यासारखीच म्हणाले होते, घ्यावेत की! मग ते कलम आठवलं. पैसे उचलले की विक्री झाली. जी सही १८७७ मध्ये दिली नाही, ती आता दिल्यासारखी.

काल लेकीच्या घराचे कागद चाळत होते. मागचे मालक एकामागे एक लिहिलेत. सर्वांत खाली नाव आहे अमेरिकेच्या सरकारचं. सरकारकडे जमीन कुठून आली, त्याचं पान त्या फायलीत नाही.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुझी,
शकू