‘सेन्सर बसवलेला होता हो!’

‘तांत्रिक नको, घरातल्या गृहिणीलाही कळेल असं लिहा,’ असं संपादकांनी बजावलंय. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर बसणाऱ्यांत गृहिणीही आहेत. त्यांना यातलं माझ्याइतकंच कळतं. तेव्हा हा लेख उरलेल्यांसाठी.

कारखान्यांचं सेफ्टी ऑडिट हा माझा धंदा. अपघात झाला की मालकाचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘पोराचं लक्ष नव्हतं, साहेब.’ एका पावसाळ्यात छोट्या युनिटमधून तसाच फोन आला. पन्नास टनी प्रेस, ब्रॅकेटचा जॉब, रात्रपाळी संपत आलेली. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. दुसरं वाक्य मात्र नवीन होतं : ‘आणि सेन्सर बसवलेला होता हो!’

होता खरा. डायसमोर, म्हणजे साच्यासमोर, दोन पिवळे खांब, मधून न दिसणारे किरण; यालाच लाइट कर्टन म्हणतात. मोटर बंद करून मी हात आडवा घातला, तर लाल दिवा लागला. मालकांचा चेहरा खुलला. मी फ्लायव्हीलकडचं कव्हर उघडायला लावलं. आत की क्लच.

आता तांत्रिक होणं आलंच. या प्रेसचं फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की एक की वळते आणि क्रँकशाफ्टला फ्लायव्हीलशी जखडते. पुरा एक फेरा होऊन रॅम, म्हणजे डायवर आपटणारा ठोकळा, वर येईपर्यंत ती सुटत नाही. मध्येच मोटर बंद केलीत तरी त्या जड चाकात साठलेली ताकद रॅमला खाली नेतेच. सेन्सर ओरडतो, पण ऐकणारं कुणी नाही. हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच असेल तर तो अर्ध्या वाटेत सोडता येतो. तिथेही हिशेब आहेच : हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटरपर्यंत धरतात, प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ४०० मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणून खांब त्याहून लांब हवेत. इथे ते वीतभरावर होते. अर्थात की क्लचला हे गणितच लागू नाही, मधल्यामध्ये थांबणं तिला ठाऊकच नाही.

शिवाय की झिजली किंवा स्प्रिंग तुटली की पेडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. ‘प्रेसने डबल मारला’, असं कामगार म्हणतात. या पोराने आदल्याच आठवड्यात सुपरवायझरला हे सांगितलं होतं. लक्ष त्याचंच होतं.

की क्लचवर सेन्सर निरुपयोगी, या मुद्द्यावर सेमिनारांमधून भांडून मी थकलोय. सेन्सर विकणारे आता मला चहाच्या वेळी टाळतात. मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर येतात, चेकलिस्टवर ‘लाइट कर्टन : आहे’ अशी खूण करून जातात. क्लच कोणता, हा रकानाच मी अनेक चेकलिस्टांवर पाहिलेला नाही. खरं तर उपाय साधा आहे : डायभोवती जाळीचं पक्कं गार्ड, डायपासून जरा अंतरावर, फट सहा मिलिमीटर. पत्रा आत जातो, बोट जात नाही. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर करून देईल. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ वेगळं काय सांगत होतं? धोक्याचा भाग भक्कम आडोशाने झाका. कामगाराच्या ‘लक्षा’चा त्यात उल्लेखही नव्हता. पण गार्ड लावलं की तासाचे जॉब कमी निघतात, मग ते सुटून भिंतीला टेकतं. खंडेनवमीला मात्र त्यालाही झेंडूची माळ पडते.

भरपाईचं म्हणाल, तर तेव्हाच्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतली घट तर्जनीला १४ टक्के लिहिलेली होती, मधल्या बोटाला १२. बेरीज २६ होते. पण ‘एका हाताची दोन बोटं’ अशी वेगळी नोंद होती आणि तिथे आकडा २०. पोराच्या वडिलांनी मला तीनदा विचारलं, ‘सायेब, सहा कुठं गेलं?’ परिशिष्ट दाखवण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अहवालात मी स्पष्ट लिहिलं : क्लच बदला, नाहीतर प्रेस भंगारात काढा. गणपती झाल्यावर मालकांनी ती विकली. भंगाराच्या नव्हे, चालू मशीनच्या भावाने, सेन्सरसकट.