पाहुणा वाफ्यात उतरतो तेव्हा

मध्य व्हिएतनाममधलं होई आन हे जुनं बंदर संध्याकाळ झाली की रंगीत कंदिलांनी उजळून निघतं. चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांनी एके काळी गजबजलेल्या या पेठेला १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. जपान्यांचा छपराचा पूल, लाकडी घरं, शिंप्यांची दुकानं... एका दिवसात पेठ पाहून होते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात गाईड सायकली घेऊन हजर होतो आणि म्हणतो, ‘चला, आज खेडं दाखवतो.’

खेडं दाखवतो! भारतीय कानाला हे जरा गमतीचंच वाटतं. खेडं ही काय दाखवायची वस्तू आहे? ज्यांचं बालपणच गावाकडे गेलं, त्यांनी पैसे मोजून परक्या देशातलं शेत का पाहावं?

पण सायकली भातशेतीच्या कडेनं निघतात आणि सुमारे तीन किलोमीटरवर चा क्वे हे भाजी पिकवणाऱ्यांचं गाव लागतं. पुदिना, तुळशीच्या जातीची सुगंधी पानं, कोथिंबीर, सगळं आखीव वाफ्यांत. जवळच्या पाण्यातलं शेवाळ काढून इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून मातीत मिसळत आले आहेत. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं जगातल्या उत्तम पर्यटन गावांमध्ये याची निवड केली.

इथे पाहुण्यांना शंकूच्या आकाराची टोपी घालायला देतात आणि खांद्यावर कावड ठेवतात. कावडीच्या दोन्ही टोकांना पाण्यानं भरलेल्या झाऱ्या. दोन वाफे शिंपेपर्यंत शहरी खांदा बोलू लागतो. फोटो निघतात, हशा होतो. शेजारच्या वाफ्यात मात्र एखादी म्हातारी मान वर न करता तण उपटत असते. तिच्यासाठी ही गंमत नाही, रोजचं पोट आहे.

अशा सहलींतला खरा पेच इथेच आहे. पाहुण्यांमुळे गावात चार पैसे येतात, हे नाकारून चालणार नाही. पण उद्या झारी उचलण्यापेक्षा झारी दाखवण्याचेच जास्त पैसे मिळू लागले, तर वाफा कोण राखणार?

कॅम थान्ह गावी हा प्रश्न आणखी ठळक होतो. तिथल्या खाडीत निपा नावाची, नारळीसारख्या झावळ्यांची झाडं पाण्यातच दाट वाढतात. युद्धाच्या काळात हेच रान लपायला कामी आलं. त्यातून फिरवतात ती बांबूची गोल टोपली-होडी. हंपीला तुंगभद्रेत चालणाऱ्या होड्यांचीच ही बहीण. फ्रेंच राजवटीत होड्यांवर कर बसला, तेव्हा ‘ही होडी नाही, टोपली आहे’ असं सांगून कोळ्यांनी कर चुकवला, अशी गोष्ट गाईड हसत हसत सांगतात. आता याच होड्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी भोवऱ्यासारख्या गरगर फिरवल्या जातात आणि वर कर्ण्यावरून गाणी चालू असतात. मासे धरण्याची होडी जत्रेतला पाळणा झाली, असं वाटून जातं.

पण दोष केवळ गावकऱ्यांना कसा द्यायचा? गिऱ्हाईक जे मागतं, तेच दुकानात मांडलं जातं.

होई आनहून सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीतल्या मी सनला गेल्यावर भारतीय प्रवाशाला याचं उत्तर कदाचित आपोआप सापडेल. चंपाच्या राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत इथे विटांची देवळं उभारली, त्यांतली बरीचशी शिवाची. राजा भद्रवर्म्यानं इथल्या देवाला भद्रेश्वर हे नाव दिलं. शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ साली अमेरिकी बाँबहल्ल्यात यातलं मोठं देऊळ कोसळलं. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं २०१७ ते २०२२ या काळात काही देवळांची डागडुजी केली आणि त्या कामातच २०२० साली नवव्या शतकातलं अखंड पाषाणाचं शिवलिंग सापडलं.

तिथे नकळत हात जोडले जातात. अशा वेळी कुणी परका पर्यटक चौथऱ्यावर चढून फोटोसाठी वेडंवाकडं तोंड करू लागला, तर जीव दुखावतो. ‘अरे, हे देऊळ आहे!’ असं म्हणावंसं वाटतं. चा क्वेच्या म्हातारीलाही आपल्या वाफ्याबद्दल नेमकं हेच वाटत नसेल कशावरून?

म्हणून घरातल्या मंडळींना घेऊन अशा सहलीला निघताना दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घोळक्यापेक्षा चार-सहा जणांचीच सहल निवडावी. पैशांतला किती वाटा गावात पोहोचतो, हे गाईडला आधीच विचारावं. होडीवाल्याला ‘गाणी नकोत, हळू चालव’ एवढं सांगितलं, तरी निपाच्या रानातली शांतता ऐकू येते. फोटो काढण्यापूर्वी नजरेनं तरी परवानगी घ्यावी. बरोबर आजी असेल, तर तिला पुढे करावं. भाषा येत नसली, तरी वाफा कसा भरायचा, पानं कशी खुडायची, यावर दोन म्हाताऱ्यांचं खाणाखुणांनी छान जमतं. मुलांना त्यातून जे कळतं, ते गाईडच्या तासभराच्या माहितीतून कळणार नाही.

खेडं दाखवायचं नसतं, हे खरं. पण पाहुणा पाहुण्यासारखा वागला, तर यजमान आपण होऊन त्याला वाफ्याच्या कडेला बसायला जागा देतो.