पॅरामाट्याची कारभारीण

सिडनीच्या पश्चिमेला हॅरिस पार्क नावाचं उपनगर आहे. विग्रम स्ट्रीटवर डोसा-चाटची हॉटेलं, मिठाईची दुकानं. बाबागाडी ढकलत चाललेल्या एका जोडप्याचं मराठीही कानावर पडलं. तिथून थोडं पूर्वेला चालत गेलं की रोझहिलच्या अ‍ॅलिस स्ट्रीटवर एक बैठं घर लागतं. नाव एलिझाबेथ फार्म. १७९३ साली बांधायला घेतलेलं हे घर ऑस्ट्रेलियात युरोपियनांनी बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या घरांमध्ये सर्वांत जुनं.

आता तिथे संग्रहालय आहे, पण दोरी लावून अडवलेली एकही खोली नाही. खुर्चीवर बसा, टेबलाचा खण ओढा, कोणी हटकत नाही, कारण सामान जुन्या वस्तूंवरून नव्याने घडवलेलं आहे. मूळचं घर विटांचं, ६८ फूट लांब आणि जेमतेम १८ फूट रुंद. खोल व्हरांडा नंतरचा. त्याचं छप्पर इतकं खाली उतरलंय की भर दुपारीही आतल्या खोल्यांत मंद उजेड असतो. बागेत एक गाठाळलेलं ऑलिव्हचं झाड आहे. १८०५च्या सुमाराचं, देशातलं सर्वांत जुनं ऑलिव्ह ते हेच, असं मानतात.

घराला जिचं नाव आहे ती एलिझाबेथ व्हील १७६६ साली इंग्लंडच्या डेव्हनमधल्या ब्रिजरूल या खेड्यात जन्मली. बाप शेतकरी. ती लहान असतानाच तो वारला, पुढे आईने दुसरं लग्न केलं. पोर आजोबांकडे आणि मग गावच्या पाद्रीबाबांच्या, किंग्डन यांच्या, घरी वाढली. त्यांच्या ब्रिजेट या मुलीशी तिची गट्टी जमली. पुढे समुद्रापलीकडून तिने ब्रिजेटला जी पत्रं लिहिली, त्यांतूनच सिडनीचे सुरुवातीचे दिवस आपल्याला एका बाईच्या नजरेने दिसतात.

१७८८ साली तिने जॉन मॅकार्थर या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. डोकं तल्लख, स्वभाव भांडखोर. पुढच्याच वर्षी तान्ह्या एडवर्डला घेऊन दोघं ऑस्ट्रेलियाला निघालेल्या कैद्यांच्या दुसऱ्या ताफ्यातल्या ‘नेपच्यून’ जहाजावर चढली. या ताफ्यातले सुमारे एक चतुर्थांश कैदी वाटेतच मेले. एलिझाबेथची खोली स्त्री कैद्यांच्या जागेला लागून होती आणि डेकवर जायची तिची वाटही बंद करून टाकली होती. जॉनचं कप्तानाशी बिनसलं, तेव्हा भर समुद्रात दोघांनी जहाज बदललं. त्याच प्रवासात तिला दिवसांआधी मुलगी झाली, पण ती जगली नाही. जून १७९० मध्ये सिडनीला उतरली तेव्हा एलिझाबेथ तेवीस वर्षांची होती. तिथे वर्गन नावाच्या डॉक्टरने तिला पियानो शिकवला, आणि परत जाताना आपला पियानो तिलाच देऊन गेला.

एलिझाबेथ फार्म ज्या जमिनीवर उभं राहिलं ती पॅरामाट्याची १०० एकर जमीन गव्हर्नरच्या सरकारने जॉनला दिली खरी, पण ती तिथल्या मूळ रहिवाशांची, बुरामाटागाल लोकांची होती, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. १७९७ साली पेमुलवाय या त्या मुलखातल्या लढवय्याने पॅरामाट्यावर चाल केली आणि तो जबर जखमी झाला. शेतात राबणारे हातही बहुतेक कैद्यांचे. या दोन गोष्टी बाजूला ठेवून घराचं कौतुक करणं मला जमत नाही.

एलिझाबेथचं कर्तृत्व त्यामुळे झाकलं जात नाही. १८०१ साली जॉनने वरिष्ठाशी द्वंद्वयुद्ध केलं आणि त्याची रवानगी इंग्लंडला झाली. तो परतला १८०५ मध्ये. पुढे गव्हर्नरला पदच्युत करणाऱ्या बंडात सामील झाल्यामुळे १८०९ ते १८१७ तो पुन्हा तिकडेच अडकला. इतकी वर्षं हिशेब, मजूर, लोकरकापणी, मेंढ्यांची पैदास, दूरवरच्या कॅम्डनच्या कळपांची देखरेख हे सगळं तिने एकटीने पाहिलं. या कळपांत दक्षिण आफ्रिकेच्या केपहून आणलेली मेरिनो जातीची मेंढरं होती, आणि त्याआधी १७९४ साली कलकत्त्याहून आलेल्या ६० बंगाली मेंढ्या-कोकरं जॉनने विकत घेतली होती. ऑस्ट्रेलियाच्या लोकरीच्या पायात अशी थोडी आपलीही मेंढरं आहेत.

तरी १९६६ साली दोन डॉलरची नोट निघाली तेव्हा तिच्यावर चित्र छापलं ते जॉनचं आणि मेंढ्याचं. हा मला सरळ अन्याय वाटतो.

घरात हिंडताना मला सारखी तिची मुलं आठवत होती. नऊ झाली, सात जगली. शिक्षणासाठी मुलगे इंग्लंडला धाडायचे, आणि पत्र पोचायलाच सहा-सहा महिने. धाकटा जॉन १८०१ साली बापाबरोबर गेला तो सात वर्षांचा. तो लंडनमध्ये वाढला, वकील झाला, १८३१ साली तिथेच वारला. आईची आणि त्याची पुन्हा भेट झालीच नाही. पुढल्याच वर्षी नवऱ्याला वेडा ठरवावं लागलं. १८३४ साली तो गेला. एलिझाबेथ मात्र १८५० पर्यंत जगली. साठ वर्षांत एकदाही ती इंग्लंडला परतली नाही.

तिची कबर कॅम्डनला आहे. तिथला मॅकार्थर घराण्याचा मोठा वाडा १८३५ साली पुरा झाला आणि तो आजही वंशजांकडेच आहे. बाहेरच्यांना तो वर्षातून एकदाच, सप्टेंबरातल्या एका शनिवार-रविवारी, पाहता येतो. एलिझाबेथ फार्मही आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं. तेव्हा वार बघून निघा, आणि जमलं तर सप्टेंबरचाच बेत करा.