नव्या घराची निगा

घर विकत घेताना गृहस्थ फार सावध असतो. सातबारा, मंजूर नकाशा, कर्जाचा व्याजदर हे सर्व तो चार जाणत्या माणसांना विचारून तपासतो. वास्तुशांती झाली, पाहुणे परतले, की ही सावधगिरी ओसरते. वस्तुतः कर्जाचे हप्ते वीस वर्षे चालणार असतील, तर वास्तूनेही निदान तितकी वर्षे सुस्थितीत राहावयास हवे. हिशेबात जसा घसारा धरतात, तसा घरखर्चात दुरुस्तीसाठी दरमहा थोडा निधी बाजूस ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सातारा आणि सांगली हे शेजारचे जिल्हे, दोहोंतून कृष्णाच वाहते. तथापि घरांची दुखणी निराळी. साताऱ्यास सह्याद्रीकडून येणारी पावसाची झड सोसावी लागते. तेथे पश्चिमेकडील भिंती, छज्जे आणि गच्ची यांची पाहणी मे महिन्यातच उरकावी. गच्चीवरील पाणी जाण्याच्या नळ्यांत पालापाचोळा अडकला, की पाणी तुंबून छतात मुरते. ओल दिसताच आतून रंग देणे व्यर्थ. पाणी जेथून शिरते ती जागा आधी बंद झाली पाहिजे.

सांगलीच्या परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्यामुळे भिंतींना भेगा पडतात. गिलाव्यावरील केसासारखी भेग बहुधा निरुपद्रवी असते. मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेल्या भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेग खुणेपलीकडे सरकली, तर स्थापत्य अभियंत्यास दाखवावी. सदनिका असल्यास २०१६ चा रेरा कायदा साहाय्यास येतो. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. तक्रार लेखी द्यावी व पोच जपून ठेवावी.

विजेच्या बाबतीत हयगय जिवावर बेतते. साताऱ्याहून सांगलीस आलेल्या एका तरुण दांपत्याच्या नव्या घरी गळतीरोधक स्विच, म्हणजे ईएलसीबी, वारंवार पडू लागला. वायरमनने तो वगळून सरळ जोडणी करून दिली, त्रास थांबला. पुढे एका सकाळी लेकरास अंघोळ घालण्यापूर्वी आईने नळास हात लावला, तो बोटांना झिणझिण्या आल्या. तिने मुलास बाहेर ठेवले व मेन स्विच बंद केला. तपासणीत गिझरची कॉइल फुटून वीज पाण्यात उतरत असल्याचे आढळले. स्विच पडत होता, तो बिघडल्यामुळे नव्हे; तो आपले कर्तव्य बजावीत होता. घरगुती वापराचा असा स्विच ३० मिलीअँपिअर गळतीस वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

स्वयंपाकघरातील गॅसची सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलावी. तिच्यावर वर्ष छापलेले असते. सर्व नळ बंद असूनही पाण्याचे मीटर फिरत असेल, तर कोठे तरी गळती आहे असे समजावे.

नदीकाठच्या वस्तीस आणखी एक दक्षता हवी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा ठिकाणी खरेदीखत व विम्याचे कागद वरच्या मजल्यावर ठेवावेत, आणि पूर ओसरल्यावर वायरमनने तपासल्याविना मेन स्विच चालू करू नये. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात आगीसह पूर व भूकंपही समाविष्ट आहेत. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात आजही आठवणीने सांगितला जातो, त्यांस याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

घरात एक साधी वही ठेवावी. टाकी केव्हा धुतली, गॅसची नळी केव्हा बदलली, विम्याची मुदत केव्हा संपते, याची नोंद तीत असावी. घरातील कोणासही ती वाचता यावी, एवढे मात्र पाहावे.